गाभोळी पूर्ण

नोंदवहीत रकाने सहा:
तारीख, वेळ, नर की मादी,
लांबी, पोटाची स्थिती, शेरा.
शेऱ्याला दोनच बोटं जागा,
कारण शेरे लिहीत बसलं
की मासे मोजायचे राहतात.

बुधवार. सिॲटलमध्ये रात्रभर पडला तो,
जून सरताना गेलेला, ऑक्टोबरात परतलेला.
साडेतीन महिने रस्त्यांनी जे जे साठवलं
ते एका रात्रीत झाडून
उंबऱ्याबाहेर केर लोटावा तसं
ओढ्यात लोटलं.

चान्था प्राक, वय सोळा.
शाळेने वीस तास समाजसेवा लावलीय म्हणून येते.
वडिलांचं डोनटचं दुकान, कोटाला साखरेचा वास,
गमबूट भावाचे, दोन मापं मोठे.

"ती बघा," म्हणाली, "नाचतेय."

नाचत नव्हती.
कोहो मादी, हातभर लांब,
पाण्याच्या सायीला तोंड लावून गरगरत होती.
जबडा उघडा तो मिटेना,
पर ताठ, पसरलेले,
भर पाण्यात कुणी तिचं पाणी काढून घेतल्यासारखी.

दीड वर्ष समुद्रात.
सील चुकवले, जाळी चुकवली, गळ चुकवले,
वासावरून हा एवढासा ओढा हुडकला,
बाळंतपणाला माहेरी आली.
चान्थाने घड्याळ लावलं.
दहा चाळीस ते बारा पाच.

मग मी सुरी काढली.

गाभोळी पूर्ण.
दोन्ही पिशव्या घट्ट, शेंदरी,
एक दाणा सुटलेला नाही.
ती मोजायला बसली. म्हटलं, राहू दे,
अडीच-तीन हजार असतात.
तरी मोजत होती. चौऱ्याऐंशीला थांबली.

"कोणी टाकलं विष?"

सोळाव्या वर्षी प्रश्नाला एक माणूस लागतो,
रात्री पिंप घेऊन येणारा, कॉलर वर केलेला.
मी वर बोट दाखवलं. पूल.
पुलावर गाड्या, गाड्यांना टायर,
टायरला चिरा पडू नयेत म्हणून
रबरात एक औषध घालतात.
ते हवेशी झुंजत मरतं
आणि मेल्यावर त्याचं भूत होतं.
भूतही निवडक. त्याच पाण्यात चम मासे,
हिचे चुलते,
खुशाल शेपट्या हलवत असतात.

टायर टिकावा, एवढंच.
कुणाच्या मनात काही नव्हतं.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
एकतीस वर्षं मी शहराची बस चालवली.
कधी सहा चाकं, कधी दहा,
हाच पूल, दिवसाला चौदा वेळा.
डेपोत टायर बदलताना इंगवाल्ड म्हणायचा,
"सॉल्वेग, तू हळू ब्रेक मारतेस,
तुझे टायर सगळ्यांत जास्त चालतात."
मी घरी येऊन हे जेवताना सांगायची.
नवा टायर जाड, उतरवलेला पातळ,
मधला कुठे गेला,
एकतीस वर्षांत विचारलं नाही.

मार्चमध्ये पुलाच्या एका पन्हळीखाली
आम्ही लाकडी पेटी बांधली:
वाळू, कंपोस्ट, कुजलेली साल, वर लव्हाळं.
पाणी काळं शिरतं, कोऱ्या चहासारखं निघतं.
त्या चहात कोहोची पिलं जगतात,
मी बादलीत ठेवून पाहिलंय.
पन्हळी अकरा आहेत.
पेटी एक.

चान्थाने पेन्सिल मागितली.
दोन बोटांच्या रकान्यात लिहिलं:
"८४ पर्यंत मोजली."
मी खोडलं नाही.

पाऊस पुन्हा लागला.
"मिसेस हाउगन, घरी सोडाल?"
गाडी वरच होती, पुलाच्या टोकाला.
तिने पट्टा लावला,
गमबुटांचं पाणी गालिच्यावर उतरलं,
आणि दुकानापर्यंतचे नऊ सिग्नल
मी हळू ब्रेक मारत नेली,
अगदी हळू,
जणू तेवढ्याने काही होणार होतं.